काज-बटणवालीचं बोट

शिवणखात्यात बोटात सुई मोडणं रोजचंच. मोडलेलं टोक उकरून काढण्यात खात्याच्या मुख्य मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि त्याचा त्यांना भारी गर्व. म्हणून काज-बटणवाली ताईच्या बोटावर टणक पांढरा ठिपका दिसला, तेव्हा त्यांनी काही विचारलंच नाही. सरळ सुई उचलली.

"मास्तर, हे सुईचं टोक नाही," ती हात मागे घेत म्हणाली. "माझ्या आजारात कातडीखाली कॅल्शियम साचतं. डॉक्टरीणबाईंनी हात लावू नका म्हणून बजावलंय."

"तीस वर्षं हेच करतोय मी. आण इकडे."

सुई खुपसली तशी खडूच्या भुकटीसारखी पांढरी पूड बाहेर आली. बघणाऱ्या बायका मागे सरकल्या. "चुना खातेस की काय गं?" एकीनं विचारलं, बाकीच्या हसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिचा पेला वेगळा ठेवला गेला. घरी सासूबाईंनी दूध-दही तोडलं. कॅल्शियम म्हणजे दूध, एवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. मास्तर मात्र आठवडाभर उरलेले खडे उकरत राहिले. ती रडली की म्हणायचे, "पुरे झाली नाटकं." आपणही असेच आहोत, बरं का. दुसऱ्याच्या दुखण्यातलं आपल्याला सगळं कळतं.

बोट सुजलं, मग काळं पडलं. मास्तरच तिला दवाखान्यात घेऊन गेले, अजून तोऱ्यातच.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, ताईकडून सगळं ऐकून घेतलं. "हा आजार स्पर्शानं पसरत नाही, दूध प्यायल्यानं होत नाही. हिच्या शरीराची रोगाशी लढणारी शक्ती हिच्यावरच उलटलीय. बोटांना रक्त पुरेसं पोचत नाही, त्यामुळे जखम भरत नाही. त्यात तुम्ही भोकं पाडलीत. आता बोट काढावं लागेल."

"मी चांगल्यासाठीच केलं हो."

"ती नको म्हणाली होती का?"

मास्तरांची मान खाली गेली. म्हणाली होती. रोज म्हणाली होती!

उजव्या हाताची तर्जनी गेली, आणि तिच्याबरोबर काजांचं कामही. मास्तर तिच्या घरी जाऊन तिच्यासमोर रडले. "मी आता काय करू, ताई?"

"तेव्हा थांबायचं होतंत," ती म्हणाली. "आता काय करणार?"

तेव्हापासून मास्तर विचारल्याशिवाय कोणाच्या हाताला हात लावत नाहीत. शिकले ते, पण बोट तिचं गेलं. वाचकहो, आजारी माणसाचं अंग त्याचं असतं. तो नको म्हणाला की आपलं शहाणपण आवरावं, आणि आधी त्याचं ऐकून घ्यावं.