उतरल्यावर सांगा

अवकाशात निघायच्या आधी प्रत्येकाला एक गोष्ट विचारून ठेवतात: तुम्ही वर असताना घरचं कोणी गेलं, तर लगेच कळवायचं की उतरल्यावर? रॉस कुबिचेकनं पापणीही न लववता सांगितलं, उतरल्यावर. आई इकडे नेब्रास्कात अंथरुणाला खिळलेली, कर्करोगानं पार पोखरलेली, आणि हा शहाणा म्हणतो उतरल्यावर! त्याच्या बायकोनं, जॉडीनं, ह्यूस्टनहून फोनवर हे रॉसच्या थोरल्या भावाला, व्हर्लिनला सांगितलं, तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

व्हर्लिन मका पेरायचा, डुकरं पाळायचा आणि आईचं हगणंमुतणं काढायचा. रॉस आधी नौदलाचा वैमानिक, मग अंतराळवीर. गावाच्या वेशीवर पाटी त्याच्या नावाची. पंधरा वर्षांत तो दोनदा वर जाऊन आला होता, पण अंतराळस्थानकातून बाहेर मोकळ्यात पडायचा मान दोन्ही खेपेला दुसऱ्यालाच मिळाला. या वेळी मात्र त्याचा नंबर लागला होता. त्या काही तासांसाठी त्यानं आईवर पाणी सोडलं, असं व्हर्लिन ज्याला त्याला सांगत सुटला. कोणी मनावर घेतलं नाही. अंतराळवीर गावात एकच होता, डुकरंवाले चिक्कार.

रॉस वर असतानाच आई गेली. मंगळवारी तिला पुरलं. चर्चच्या तळघरात सगळं गाव हॅम आणि कोलाचे नावाचे गोड पाव खात बसलं होतं, तेव्हा जॉडी डोळे पुसत उभी राहिली आणि तिनं सगळ्यांना हात जोडले. येत्या सोमवारी रॉस बाहेर पडणार आहे, त्याला कळलं तर वरिष्ठ त्याचं नाव काढतील, दुःखातल्या माणसाला बाहेर सोडत नाहीत. तेव्हा तोंडातून अवाक्षर काढू नका. गाव कशाला नाही म्हणतंय? पेपरवाल्यानं मृत्यूची बातमी मागे ठेवली. पाद्रीबाबासुद्धा गप्प बसले. त्याच संध्याकाळी जॉडी पावडर लावून रॉसशी पडद्यावर बोलली, हसली, आई झोपलीय म्हणाली. व्हर्लिन शेजारच्या खोलीत बसून हे ऐकत होता.

शुक्रवारी शाळेच्या व्यायामशाळेत रॉस थेट वरून मुलांशी बोलणार होता. कार्यक्रम कधीचा ठरलेला. गाव लोटलं. व्हर्लिनला पहिल्या रांगेत बसवलं, अंतराळवीराचा भाऊ म्हणून. पडद्यावर रॉस आला, उलटा झाला, सुलटा झाला, पाण्याचा गोळा हवेत सोडून गिळला. पोरं खिदळली. मग स्वारी आपणहून कॅमेऱ्याजवळ सरकली.

"आणि आई, तू घरी टीव्हीवर बघतेयस ना? हा बघ, तुला हात करतोय. सोमवारी बाहेर पडतोय मी, तेही बघ हं."

माणसं आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागली. कोणीतरी मागून टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्यांनी व्हर्लिनचं डोकं फिरलं. प्रश्न विचारायला उभ्या असलेल्या पोरीच्या हातून त्यानं माइक ओढून घेतला.

"रॉस, आईला मंगळवारी पुरली. या टाळ्या वाजवणाऱ्यांनीच माती टाकलीय."

आवाज वर पोचायला क्षणभर लागतो. तेवढा वेळ रॉस हसतच होता. मग हसू उतरलं, पुन्हा चढलं. "बरं," तो म्हणाला, "पुढचा प्रश्न कोणाचा?" पोरीनं रडवेल्या आवाजात विचारलं, वर मळमळतं का? त्यानं ऐसपैस उत्तर दिलं, मध्ये एक विनोदही केला.

बाहेर मोटारींपाशी व्हर्लिनशी कोणी बोललं नाही. पोस्टातल्या ज्या बाईनं आईला शेवटचे कपडे घातले होते, तिनं त्याला गाठून विचारलं, तू माणूस आहेस की कोण? जॉडी तर दुपारीच सामान भरून निघून गेली.

रविवारी तो डुकरांना खाणं घालत असताना खिशातला फोन वाजला. वरून रॉस होता.

"काढलं माझं नाव," तो म्हणाला. "उद्या दुसरा जातोय. झालं तुझं समाधान?"

व्हर्लिन म्हणाला, आई मेलीय आणि तू नावाचं काय घेऊन बसलास?

"ते मला मंगळवारीच कळलं. जॉडी कधी पावडर लावते का?"

व्हर्लिनच्या हातातली बादली खाली आली. "कळलं होतं? मग शुक्रवारी कोणाला हात करत होतास?"

"केला नसता तर मला कळलंय हे खाली कळलं असतं. पंधरा वर्षं थांबलो होतो, व्हर्लिन. एक सोमवार निघाला असता, की मग बसलो असतो रडत. तुला तेवढंही बघवलं नाही."

डुकरं बादलीत तोंड घालून चपाचपा खात होती. मग रॉसचा आवाज एकदम लहान झाला.

"शेवटी काही म्हणाली का रे? माझ्याबद्दल?"

आई शेवटचे तीन दिवस रॉसच्या नावाशिवाय काही बोललीच नव्हती. व्हर्लिन पाणी पाजायला वाकला की त्यालाच रॉस समजून तिनं त्याचे गाल कुरवाळले होते.

"नाही," व्हर्लिन म्हणाला. "तुझं नाव एकदासुद्धा काढलं नाही."

आणि फोन ठेवून त्यानं दुसरी बादली उचलली.