न घेतलेलं नाव

लेमायानच्या लाल शालीला चिकटलेलं कुसळ नासिएकूने उपटलं आणि नाकाशी नेलं. ओला वास आला. सगळं रान करपून गेलेलं, आणि हे कुसळ ओलं?

दिराचा हा मुलगा रानोमाळ चारा हुडकून सकाळीच परतला होता.

“काकू, दूध देतेस की शालच सोलतेस?”

“दूध गाईला माग. पहाटे शेपटी धरून उभी केलीय तिला. हे कुठलं रे?”

“असेल कुठलंतरी.” त्याने शाल आवरून घेतली.

पलीकडे बाभळीखाली म्हातारे गुरं कुठं हलवायची ते ठरवत बसले होते. उत्तरेला रोगराई, पूर्वेला बंदुका, डोंगरावर पाणी नाही. दर दुष्काळात त्याच तीन वाटा, पालुपदासारख्या घोळून घोळून. भिंतीआडून ऐकता ऐकता तिलाही त्या पाठ झाल्या होत्या.

असलं तांबूस कुसळ मात्र तिने एकाच ठिकाणी पाहिलं होतं. तिचा थोरला मुलगा वासरं घेऊन गेला आणि पुरात वाहून गेला, तिथं.

“तू नाइबोरच्या दरीत गेला होतास.”

लेमायान चपापला. ते नाव तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. तिच्यासमोर कुणी घेतही नसे.

“गवत आहे?”

“कमरेएवढं. नेहमीच असतं.”

“नेहमीच?”

“बघून तर आम्ही येतोच, काकू. सांगायचं नाही, एवढंच.”

गेल्या दुष्काळात बसलेल्या, पुन्हा न उठलेल्या गाई तिच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या. ती उठली. बाया जात नाहीत त्या बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

“वहिनी, तुम्ही इथं?” दीर लेतोइरे गडबडला.

“भाऊजी, नाइबोरचं नाव का निघत नाही?”

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या.

“तुमच्या पोटात कालवेल म्हणून,” तो हळूच म्हणाला.

“आणि मी समजत होते, तिथं गवतच उगवत नाही आता.”

दूर एक गाय हंबरली. आवाज मध्येच विरला.

“जमेल तुम्हाला तिथं?” लेतोइरेने विचारलं.

तिने दरीच्या दिशेने पाहिलं. मग पदर सावरावा तसं खांद्यावरचं कातडं सावरून ती त्यांच्यातच खाली बसली.

“सरका जरा. आधी दरीत कुठं मुक्काम करायचा नाही, ते सांगते.”