पाखरीचं घमेलं

पाखरीनं भगत पुंजाबाबाच्या हातचे भिजवलेले हरभरे खाल्ले आणि सिन्नरच्या त्या गल्लीतली पन्नास-साठ माणसं हात जोडून उभी राहिली. वरातीची ही पांढरी घोडी दीड दिवस काही खात नव्हती. मी मोटारसायकल कडेला लावून सुस्कारा सोडला. बावीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. अशी गर्दी दिसली की पुढचं सगळं आधीच कळतं, तरी ऐकून घ्यावं लागतं.

"खंडेरायाचं वाहन हाय हे," बाबा सांगत होते. "त्याला लोखंड टोचलं, देव कोपला. मानेत येऊन बसला. म्हणून मालकाच्या हातचं खात नाय, माझ्या हातचं खातं. दिवस मावळायच्या आत डाग द्या, दोन दिसांत गाठ उतरंल."

लोखंड म्हणजे माझी सुई. परवा सकाळी मी पाखरीला धनुर्वाताची लस टोचली होती. देवाला चारी खुरांना ठोकलेले नाल चालतात, सुई तेवढी चालत नाही. मानेवर लिंबाएवढी गाठ होती आणि शेजारी निखाऱ्यात विळा तापत होता.

मालक भारत माझ्याकडे बघेना. "डॉक्टर, मधी पडू नका. हिच्यावर घर चालतंय माझं."

"डागलेली घोडी वरातीला कोण नेईल?"

"मेलेली तरी कोण नेईल?"

मी पाखरीला तपासलं. थोडा ताप होता. तोंडावर सूज नव्हती, धाप नव्हती. मग विचारलं, "दाणा कुठं ठेवता?"

"खाली, घमेल्यात," भारतची आई यशोदाबाई म्हणाल्या. "उंचावर चारलं की घोडी मान वर करायला शिकती. मंग वरातीत नवरदेवाला पाडती. आमच्यात पहिल्यापासून खालीच देत्यात."

बाबांनी मात्र हरभरे थेट तिच्या तोंडाशी धरले होते.

"बाबा, तेच हरभरे घमेल्यात टाका आणि चारून दाखवा," मी म्हणालो.

"देवाची परीक्षा घेत नसत्यात."

"मी घेते," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी बाबांच्या पंच्यातले हरभरे काढून जमिनीवरच्या घमेल्यात टाकले. पाखरीनं मान झुकवली, अर्ध्यावर थांबली, थरथरली आणि तिनं मान पुन्हा वर केली. बाबांनी मंत्र म्हटला, घोडी हलली नाही.

मी घमेलं उचलून पाण्याच्या पिंपावर ठेवलं. "आता तुम्ही चारा, आजी."

पाखरीनं सगळं संपवलं. मग भारतनं बादली उचलून धरली, तर अर्धी बादली पाणी एका दमात प्याली.

"मान दुखतेय तिची, खाली वाकवत नाही," मी सांगितलं. "लस घेतल्यावर काही घोड्यांना होतं असं. गाठ येते, कणकण येते, दोन-तीन दिवसांत जाते. डाग न देताही जाते. बाबांना हे माझ्याइतकंच माहीत आहे."

बाबांनी पंचा झटकला आणि स्टँडची वाट धरली. भारतनं विळ्यावर पाणी ओतलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे परवा का नाय सांगितलं?"

त्या दिवशी मला अजून अकरा जनावरं बघायची होती. पाखरीच्या मानेवर थाप मारून मी निघून गेलो होतो. "घाईत होतो," म्हणालो, आणि स्वतःचीच लाज वाटली.

म्हणून आता सुई मारली की सांगूनच निघतो. मान दुखेल, दाणा-पाणी उंचावर ठेवा. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर मला लगेच बोलवा. गाठ चार दिवसांत उतरली नाही तरी बोलवा, पुढच्या लसीआधीही आठवण करा. आणि कुणाच्या हातचं जनावर खातंय म्हणून हात जोडण्याआधी घमेलं एकदा उचलून बघा. लस टोचली त्या सकाळी मी दोन वाक्यं बोललो असतो, तर तो विळा तापलाच नसता.