पाटावर चढवलेला कॉम्प्युटर

या, जरा पुढे सरकून बसा. पेणच्या एका पेटीवालीची गोष्ट सांगायची आहे.

शहाण्णव साल. वृंदा रोज पेणहून रोह्याला कंपनीत जाई. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, काचेच्या थंडगार खोलीत. चपला बाहेर, माणसंही बाहेर. दसऱ्याला साहेबांनी पूजा करून तो बुटक्या टेबलावर बसवला होता. पूजा झालेली वस्तू हलवू नये, म्हणून तो तिथेच राहिला आणि वृंदा त्याच्यापुढे मान घालून दिवसभर टाइप करत राहिली. बोलायला कुणी नाही. घरीही कुणी उरलं नव्हतं. शनिवारी देवळात मोरोपंतबुवांच्या कीर्तनाला पेटीवर सूर धरला, की मात्र आपल्याला कुणी हाक मारतंय असं तिला वाटे.

मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. एका शनिवारी ऐन अभंगात सूर सुटला.

“सूर आज रोह्यालाच राहिला वाटतं,” बुवा म्हणाले. मंडळी हसली. नंतर ते तिला हळूच म्हणाले, “महिनाभर हात सांभाळ. नाहीच जमलं तर पेटीला माझा पुतण्या बसेल.”

देऊळ रिकामं झालं. खांबाशी एकटी बसणारी पुतळी नावाची बाई जवळ आली. हमरापूरच्या कारखान्यात ती गणपतींचे डोळे रंगवायची.

“मान का गो अशी लोंबवलीस?”

वृंदाने सगळं सांगितलं.

“आमी डोळे लिवताना गणपती पाटाव चढवताव. त्याची नजर आपल्या नजरेसमोर पायजे. वाकून लिवलं त सांजंला हात उचलत नाय.”

“पण मावशी, पूजा झालीय त्याची. हलवू कसा?”

“पाटाव बसवला म्हणून कुठला देव रागावला गो?”

सोमवारी वृंदाने आईबाबांचे जेवायचे दोन पाट पिशवीत घातले. इतके दिवस ते भिंतीला टेकूनच होते. कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्यावर चढला, नजरेसमोर आला. पाठीला उशी घेतली. तासातासाला उठून ती खिडकीपर्यंत जाऊन येऊ लागली.

“आता नैवेद्य पण लागंल,” शिपाई पोपट म्हणाला. पाट मात्र कुणी काढले नाहीत.

महिन्याने शनिवारी बोटं पट्ट्यांवर ठरली. बुवांनी नुसती मान डोलावली. वृंदाने खांबाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

“पुतळी गेली लेकाकडं, सुरतेला,” शेजारच्या हौसाने सांगितलं. “पत्ता नाय कुणाकडं.”

पेटीचा भाता बंद करून वृंदा त्या खांबाशी जाऊन बसली.

तर मंडळी, टेबलापुढे मान जड झाली की समोरचं जरा वर उचला, आणि हमरापूरच्या पुतळीची आठवण काढा. तिच्यापर्यंत पोचायला आपल्याकडे दुसरी वाट नाही.