माहेरी ठेवलेलं म्यागनेट

आमची लाल मोटार लढाईच्या दिवसात खोलायले मीच लावली. सरकार मोटारी ताब्यात घेऊन राह्यलं, असं माहे मालक मेहकराहून ऐकून आले आन् डोक्याले हात लावून बसले. मी म्हतलं, त्यात काय एवढं? खोला तिले आन् वाटून टाका भावकीत. उभी मोटार सरकार नेईन. कोणाच्या माळ्यावरचं चाक आन् कोणाच्या गोठ्यातलं दार सरकार कायले नेते?

मोटार दोनच माणसांची, बिनछपराची, शर्यतीत पळवायची. अकोल्याचा एक गोरा साहेब विलायतेले परत निघाला, तवा मालकानं त्याच्यापासून घेतली होती. सामानसुमान लादायले तिचा काही उपयोग नव्हता. पण आमच्या सुलतानपुरात दसऱ्याचं शिलंगण आमच्या दारातून निघे. पुढं आमच्या घरचा माणूस, मागं सारं गाव, शिवेवर आपट्याची पूजा. मालक एका साली त्या मोटारीत बसून निघाले, आन् तवापासून पोराटोरांले शिलंगण म्हंजे मोटारच वाटायले लागली.

तर मोटार खोलली. खोलणारा जब्बार मिस्त्री, हसतमुख माणूस, हाताले कायम काळं तेल. लग्नाकार्याले भांडी एकमेकांच्या घरी जातात, म्हणून आपण त्यायच्यावर नाव घालून घेतो. तसा मी कासाराले बोलावला आन् एकेका तुकड्यावर मालकाचं नाव ठिपक्या-ठिपक्यानं ठोकून घेतलं. चाकं गेली दिराकडं, भगवंतरावाकडं. गाद्या गेल्या नणंदेकडं, अंबूबाईकडं. दिवे, दारं, पत्रे असेच कोणाकोणाकडं. इंजिन माह्याच घरात सरकीखाली दाबलं.

राह्यलं म्यागनेट. जब्बार म्हणे, अम्मा, ठिणगी यातूनच पडते, हे नसलं तर बाकी सारी मोटार भंगार. मालक म्हणे, हे भगवंताकडं द्या. मी नाही म्हतलं. जिवाची वस्तू सासरी ठेवत नाहीत, ती माह्या माहेरी जाईन, जानेफळले, माह्या धाकट्या भावाकडं, शालिग्रामकडं. सगळ्या भावकीच्या तोंडावर मी हे बोलली. शालिग्रामले मीच कडेवर खेळवलं होतं. सासरी कोणी एक बोललं का मी माहेराच्या दोन ऐकवायची, ही माही जन्माची खोड.

लढाई सरली. मोटार जोडायचं बोलणं निघालं आन् मालक तापात गेले. वर्षसराद्ध झालं तसे भगवंतराव ओसरीत येऊन बसले. म्हणे, वहिनी, तुमचा इंद्रभान अजून पोरसवदा आहे, औंदा शिलंगण आमच्या दारातून निघू द्या.

मी म्हतलं, "इंद्रभान बापाच्या मोटारीत बसून पुढं राहीन."

"ते तुकडे? वहिनी, मोटार नाही आता ते."

"दसऱ्याले इंजिन वाजलं तर?"

"वाजलं तर मान तुमचा, मी मागून पायी येईन. नाही वाजलं तर पुढल्या साऱ्या दसऱ्यांले मान आमचा. कबूल?"

चार माणसं बसली होती. मी हाव म्हतलं.

मंग मी एकेकाच्या दारी गेली. दिराच्या घरून चाकं आली, तेल लावून ठेवलेली. एवढंच काय, रबर तडकू नये म्हणून जाऊबाईनं ती उन्हाळाभर ओल्या पोत्यात गुंडाळली होती. ते पाहून मले थोडा रागच आला, बोल लावायले जागाच नव्हती. अंबूबाईनं गादी दिली, पण तिच्यावर तिचा म्हातारा सासरा बसून राह्यला होता. तो काही उठेना. म्हणे, मोटार इथंच आणा, मी उतरत नाही. एका घरी पत्र्याखाली कोंबड्या निघाल्या. एका घरी सुकाणूचं चाक गोठ्यात टांगून त्याले दावी अडकवली होती. तरी सारं निघालं, नावासकट. जब्बार अंगणात बसून जोडत गेला आन् मोटारीले मोटारीचं रूप येत गेलं.

एक म्यागनेट तेवढं आलं नाही. शालिग्रामचा निरोप आला, अक्का, उंदरायनं त्याच्या तारा कुरतडल्या, पाणी लागलं, ते फेकून द्यावं लागलं, मायची आन. मी ते खरंच धरलं. माय मेल्यावर तिची खोटी आन कोण घेते?

जब्बारनंच उपाय काढला. शालिग्रामनं जानेफळले पिठाची गिरणी टाकली होती, तिच्या इंजिनाले म्यागनेट असणारच. संध्याकाळपुरतं मागून आणू, अम्मा, बसते का पाहू. मले मोठा आनंद झाला. भाऊ हातानं काढून देईन, आन् मंग मी भावकीले सांगीन का मान कोणामुळं राह्यला. दोन निरोप धाडले, जवाब आला नाही. मंग खंडेनवमीले सर्व्हिस मोटारीनं मी आन् जब्बार जानेफळले गेलो.

गिरणी बंद होती. इंजिन धुऊनपुसून पूजेले मांडलं होतं, पुढं पाना, हातोडा, नारळ, आन् वरून झेंडूचा भारी हार. मी रांडमुंड बाई, हळद-कुंकवाले हात लावत नाही, पण फूल वाहायले काय हरकत? फूल वाहायले वाकली तर हार सरकला. खाली ठिपक्याठिपक्यायची अक्षरं. मी दुसरीच शिकली, पण तेवढं नाव मले वाचता येते, ते मी कधी तोंडानं घेतलं नाही.

जब्बारनं नुसतं बोट दाखवलं. मोटारीच्या चार तारांची चार तोंडं होती, गिरणीच्या इंजिनाले एकच लागते. एकाले तार, तीन रिकामी.

शालिग्राम मागं उभा होता. मी विचारलं, "उंदरायचं नाव काऊन घेतलं?"

"अक्का, गाव दळणाले मेहकरपर्यंत जाऊन राह्यलं होतं. तुह्या घरी ते पडूनच राह्यलं असतं."

"मी मागतलं, तवा पडून होतं का?"

तो खाली पाहून बोलला, "दाजी गेले. मले वाटलं, आता तुह्या घरात राह्यलं काय? भगवंतरावच पाहतीन सारं."

याच अर्थाचे बोल दिरानं माह्या तोंडावर, माह्या ओसरीत, चार माणसांत बसून ऐकवले होते. यानं वर्षभर मनात ठेवले, माह्यासाठी जेवणाचा डबा घेऊन सुतकाले येऊन बसला तवाही. चोरी मी सोसली असती. त्यानं माहं घर मोडलं असं धरून त्याच्यावर दळण चालवलं होतं.

"काढ," मी जब्बारले म्हतलं.

शालिग्राम आडवा आला. "पूजेतलं हत्यार दसऱ्याची आरती झाल्याबिगर हलवत नाहीत. आपल्या आबाच्या पूजेतल्या वखराले मी हात लावला, तवा तूच माहा कान पिळला होता."

जानेफळची आरती दसऱ्याच्या संध्याकाळी, तवाच सुलतानपूरचं शिलंगण. जब्बार हातात पाना घेऊन माह्या तोंडाकडं पाहून राह्यला. मी नुसती मान हालवली असती तर त्यानं दोन मिनिटात काढलं असतं. पण पूजा मोडून आणलेल्या लोखंडावर शिलंगण करायचं, तर मंग मान मागायचाच कायले? मी पदर सावरला आन् निघाली. भावजय पाणी घेऊन मागं आली, मी घेतलं नाही.

दसऱ्याले मोटार दारात उभी होती. इंद्रभान आत बसला होता, धुवट फेटा बांधून. गाव जमलं. भगवंतराव मोटारीभोवती एक चक्कर मारून आले, आपल्या चाकांवरून हात फिरवला आन् मले हळूच विचारलं, "काय राह्यलं, वहिनी?"

"म्यागनेट," मी साऱ्यांले ऐकू जाईन असं बोलली. "माह्या भावाच्या गिरणीत आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी दोन शब्द सुनावले असते, मन मोकळं झालं असतं. भगवंतरावानं जोडा काढून मले नमस्कार केला आन् आपल्या दाराकडं वळले. वाजंत्री त्यायच्या मागं गेली. इंद्रभान मोटारीतून उतरून पायी गेला.

भाऊबीजेले शालिग्राम आला. हातात लुगडं, आन् फडक्यात म्यागनेट. जब्बारनं ते बसवलं, हँडल मारलं, आन् मोटार अशी गरजली का शेजारचे बैल दावं तोडून पळाले. शालिग्राम हसत हसत देवघराकडं निघाला. दरसाल त्याचा पाट तिथंच राहे.

मी त्याले हाक मारली. पाट ओसरीत मांडला होता, परक्या पाव्हण्याले मांडतात तिथं. तो देवघराच्या दारातून मागं फिरला आन् त्या पाटावर बसला. मी त्याले ओवाळलं.