गळका खर्ज

“हाही गळका,” खर्ज म्हणाला आणि हातातला हेडफोन त्याने लाल टोपलीत टाकला. टोपली काठोकाठ भरली होती. नाकावरून घसरणारा नवा चष्मा वर सरकवून त्याने पुढचा हेडफोन उचलला.

खर्ज हे त्याचं कारखान्यातलं नाव. जो आवाज कानापेक्षा छातीलाच आधी कळतो, तो सगळ्यात खालचा आवाज, म्हणजे खर्ज, हेडफोनमधून पुरा येतो की नाही, हे तपासायचं त्याचं काम. काचेच्या खोलीत बसून हेडफोन चढवायचा, बटण दाबायचं आणि डोळे मिटून थांबायचं. शेजारी रबराचं डोकं असलेलं एक यंत्र होतं, तेही हेच करायचं. पण फार पूर्वी एकदा यंत्राने पास केलेला माल खर्जाने अडवला होता आणि तो खरा ठरला होता. तेव्हापासून दोघांचे निकाल जुळले नाहीत, की साहेब खर्जाचं ऐकायचे. या गोष्टीचा त्याला गर्व होता. का नसावा? माणसाला चारचौघांत मिरवायला काहीतरी लागतंच.

गेला महिनाभर यंत्र म्हणत होतं, माल ठीक आहे. खर्ज म्हणत होता, गळतोय. हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट बसली नाही, केसाएवढी जरी फट राहिली, तरी बाकीचे आवाज राहतात आणि खर्ज तेवढा निसटून जातो. म्हणजे दोष गादीचा. आणि गाद्या चिकटवायची गादीताई, खर्जाइतकीच जुनी.

ती काचेच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“दादा, गोंद तोच आहे, हात तेच आहेत. रागावू नका, पण एकदा कान दाखवून या ना.”

हळूच म्हणाली होती बिचारी. पण ओळीतल्या चारपाच माना वळल्या आणि खर्जाला ते झोंबलं.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

दोघंतिघं हसली. दुपारी साहेब आले, भरलेली लाल टोपली त्यांनी बघितली आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. गादीताईने गोंदाचा ब्रश पुसला, डब्याला झाकण लावलं, अंगातला एप्रन काढून घडी घातली. खर्जाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

तिच्या जागी नवी मुलगी आली. तिच्याही गाद्या गळायला लागल्या.

घरी तो एका जागी बसेना. फ्रिजला कान लावून उभा राहायचा. लिफ्ट खाली जाताना तिची घरघर कुठपर्यंत ऐकू येते, ते बघायला जिन्यात जायचा. रस्त्यावरून बस गेली की खिडकीशी. कानाच्या डॉक्टरकडे जायचं मात्र नाव नाही. डॉक्टर जे म्हणाला असता, ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. कान गेले, तर खर्ज उरतो कुठे?

“पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?” बायको म्हणाली. रविवार होता, दुपारचा चहा झाला होता. “बूड टेका जरा.”

टोपलीतला एक हेडफोन त्याने घरी आणला होता. तो चढवून तो पलंगावर आडवा झाला. आवाज लावला. तोच, पातळ, पाणी घातलेला.

“आणि तो चष्मा तरी काढा झोपताना. लेकीने एवढ्या हौसेने आणलाय, काड्या मोडतील. कसल्या जाड काड्या या, कानामागे वळ उठलेत.” असं म्हणत तिने स्वतःच त्याच्या कानावरून चष्मा ओढून काढला.

गादी पुन्हा कानाभोवती बसली, आणि खर्ज आला. पूर्ण, जड, खालच्या मजल्यावर कोणी कपाट सरकवावं तसा.

तो ताडकन उठला. चष्मा लावला. खर्ज गेला. काढला. आला. लावला. गेला. बायको हातात कपबश्या घेऊन बघत राहिली. एका जाड काडीने गादी उचलली जात होती, तेवढ्याच फटीतून सगळा खर्ज पळत होता. रबराच्या डोक्याला कुठला आलाय चष्मा.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“अंगण सरळच होतं,” तो म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या.

कान शाबूत आहेत, याचा त्याला आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. उद्या गुपचूप जुना, बारीक काड्यांचा चष्मा लावून गेलं, तर कोणाला पत्ताही लागणार नाही, हेही मनात येऊन गेलं. जिना उतरेपर्यंत तो विचार टिकला.

गादीताई दारातच शिलाई मशीनवर पडदे शिवत होती. एका दुकानाचं काम मिळालं होतं. तिने खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. खर्ज बसला नाही. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं, चष्मा काढूनही दाखवला.

मशीन थांबलं होतं. तिने पडद्याची किनार बोटाने सारखी केली.

“महिनाभर मी रात्री गाद्याच मोजत होते, दादा. कुठे चुकतंय, कुठे चुकतंय. स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडायला आला होता माझा.”

“चुकलं माझं.”

“ते मला काय सांगताय? मला माहितीच होतं.”

“उद्या साहेबांना सांगतो. ते बोलावतील तुम्हाला परत.”

“परत नाही यायचं मला,” ती म्हणाली. “इथे बरं आहे. पण सांगणार असाल, तर साहेबांच्या खोलीत नका सांगू. मला सगळ्यांसमोर काढलंय.”

सोमवारी भोंगा झाल्यावर खर्ज काचेच्या खोलीतून बाहेर आला. चष्मा काढून त्याने खिशात ठेवला, हेडफोन चढवला, बटण दाबलं, आणि बोलला. डोक्यावर हेडफोन असला, की आपला आवाज किती चढलाय, ते माणसाला कळत नाही. पार पॅकिंगपर्यंत सगळ्यांचे हात थांबले.

“गाद्या चांगल्या होत्या,” तो म्हणाला. “नाचता मला येत नव्हतं.”

कोणी हसलं नाही. चष्म्याशिवाय त्याला चेहरे दिसत नव्हते, ते एक बरंच झालं. साहेब काहीतरी म्हणाले, तेही त्याला ऐकू आलं नाही.

मग तो आत गेला. महिनाभराचा नापास माल कोपऱ्यात रचलेला होता. त्यातल्या गादीताईच्या वेळच्या टोपल्या त्याने आधी ओढून घेतल्या आणि एकेक हेडफोन पुन्हा चढवायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत तो तिचंच काम ऐकत बसला होता. एकही गळका निघाला नाही.