हॅलोजनच्या उन्हातली वर्षं

मित्रांनो, मी एक जुना सोलर पॅनेल आहे. आज मी एका चिमुकल्या बेटावरच्या दवाखान्याच्या छपरावर बसलोय. ऊन झकास आहे, तरी तुमच्याशी बोलताना माझी मान खालीच जाते.

माझा जन्म १९८८ साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. आम्ही चार भावंडं एकाच ऑर्डरची. हिंदी महासागरात, मॉरिशसपासून लांब असलेल्या या बेटावर लशींचा फ्रिज चालवायचा, हे आमचं काम ठरलेलं होतं. इथे वीज नव्हती. जुना फ्रिज रॉकेलवर चालायचा, आणि रॉकेलची बोट आली नाही की लशी वाया जायच्या. आमचा फ्रिज मात्र आम्ही चौघांनी मिळूनच चालवायचा होता. तिघांच्या ताकदीचं ते काम नव्हे.

आम्हाला घेतलं बेसिंगस्टोकच्या एका कंपनीनं. छोट्या बेटांवर सूर्याची वीज न्यायची आणि त्यासाठी गुंतवणूकदारांना राजी करायचं, हा तिचा उद्योग. तिथले इंजिनिअर गिरीश रोज हाउन्सलोहून गाडीनं यायचे. माणूस भला. पण माझी तीन भावंडं हीथ्रो विमानतळाजवळच्या गोदामात खोक्यात बंद झाली आणि मला त्यांनी मीटिंग रूममध्ये स्टँडवर चढवलं.

"एवढी एक मीटिंग होऊ दे, मग यालाही पाठवू," ते म्हणाले.

आता इंग्लंडचं ऊन म्हणजे काय! आलं तर आलं. तेही बंद खोलीत कुठून येणार? म्हणून माझ्यासमोर एक दांडगा हॅलोजनचा दिवा ठेवला. तो लावला की माझ्या वायरला जोडलेला इवलासा पंखा गरगर फिरायचा. सूटवाली मंडळी "मार्व्हलस!" म्हणत माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. मीही फुशारून जायचो. अहो, दिवा जेवढी वीज खायचा, त्यातली चिमूटभरही मी परत देत नव्हतो! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मी नुसता दाखवायचा दात झालो होतो. एका मीटिंगमागून दुसरी आली, आणि मी चांगला दिसतो म्हणून मला कुणी सोडेना. अशी वर्षं गेली.

मग एके दिवशी यमुनाताई आल्या. त्या या बेटावरच्याच नर्स, मूळच्या मॉरिशसमधल्या मराठी घरातल्या. ट्रेनिंगसाठी लंडनला आल्या होत्या. गुंतवणूकदारांशी चार शब्द बोला म्हणून गिरीशनी त्यांना हौसेनं बोलावलं होतं. दिवा लागला, पंखा फिरला. यमुनाताई मात्र माझ्याजवळ आल्या आणि माझ्यावरची पट्टी वाचू लागल्या. तिच्यावर बेटाचं नाव होतं.

"दादा, हा आमचाच ना?"

"हो, यमुनाताई. बेस्ट पीस आहे, म्हणून डेमोला ठेवलाय. हे फंडिंग झालं की लगेच शिप करतो, प्रॉमिस."

"आणि हा दिवा कशावर चालतो?"

"मेन्सवर, भिंतीतल्या विजेवर. इथे ऊन कुठे असतं?"

"आमच्याकडे आहे की! दुसरं काही नाही, पण ऊन आहे. मागच्या वर्षी बेटावर गोवर आला, दादा. रॉकेल संपलं होतं, सगळी लस खराब झाली. माझ्या शेजारची शशी चार वर्षांची आहे. गोवरातनं वाचली, पण तिला आता ऐकू येत नाही."

त्यांनी हात लांब करून दिवा बंद केला. पंखा थांबला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पाहुणे बसलेले असतानाच गिरीशनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि मला खाली उतरवलं. पुढच्याच बोटीनं आम्ही चौघं निघालो.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, ज्याची जिथे गरज आहे तिथे त्याला वेळेत पोचवा. कौतुक करून घेण्यासाठी अडवून ठेवू नका. उशीर होतो तेव्हा तो कुणाच्या तरी वाट्याला येतो.

फ्रिज पहिल्यांदा गार झाला, त्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात सगळं बेट टाळ्या वाजवत होतं. शशीही वाजवत होती, मान वर करून, माझ्याकडे टक लावून. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या, सगळे आत गेले. शशी एकटीच वाजवत राहिली.